मोहतळीची राख

सोसायटीच्या गेटबाहेरचा सेमल फुलला की दिल्ली थंडीचा पसारा आवरायला घेते. रजया गच्चीवर उन्हात पडतात, तीळगुळाची गजक विकणारा दिसेनासा होतो आणि आज स्वेटर घालायचा की नाही यावर घरोघर सकाळी वाद होतात. सेमलचं फूल जाडजूड, लालभडक, आणि पडतं ते धप्पकन आवाज करून. मयूर विहारात गाड्यांपेक्षा सावल्या कमी, त्यामुळे या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांची रोज चिडचिड होते. मला मात्र तो धप्प आवाज आवडतो. आई या झाडाला काटेसावर म्हणायची, मी सेमल म्हणते, आणि माझी लेक रूथ म्हणते, "मम्मा, वो रेड वाला." तीन पिढ्यांत बिचाऱ्या झाडाचं नावच झडून गेलं.

सेमल फुलला म्हणजे आमचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला. आमची मराठी मंडळी पहाडगंजच्या बाजूला, एका जुन्या चर्चमध्ये भरते. सकाळी तिथे हिंदी उपासना असते, दुपारी आमची. या वर्षीही एका रविवारी उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी नेहमीची सूचना दिली: मागच्या वर्षीच्या झावळ्या घरात असतील त्या आणून द्या, राख करायची आहे.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्ही हातात झावळ्या घेऊन गात गात चर्चमध्ये जातो. परतताना प्रत्येक जण एक पात घरी नेतो, तिचा क्रूस वळतो आणि दारावर नाहीतर फोटोमागे खोचून ठेवतो. वर्षभरात तो हिरव्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा तपकिरी. मग पुढचा उपवासकाळ आला की हे सगळे वाळके क्रूस घराघरांतून गोळा होतात, लोखंडी घमेल्यात जाळले जातात, आणि त्यांचीच राख उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आमच्या कपाळावर लागते. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जायचा आहे, याची ती आठवण. आनंदाच्या दिवशी हातात नाचवलेली पात पश्चात्तापाच्या दिवशी कपाळाला लागते, हे मला लहानपणापासून फार शहाणपणाचं वाटत आलं आहे.

आमच्या घरातून दरवर्षी झावळ्या जातात. एक सोडून. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोमागे शिंदीच्या पातीचा एक क्रूस आहे, तो आईने कधीच दिला नाही. आई गेल्यावर मीही दिला नाही. झावळ्या मागायला आलेल्या मंडळीतल्या बायकांना ती सरळ सांगायची, "आमच्या गावचं जळायचं तेवढं तिकडे जळतंय. हा राहू दे."

आईचं गाव मोहतळी. चंद्रपूरकडचं, वर्धा नदीपासून जवळ. पाचपन्नास घरं, त्यांतली निम्मी आपली, म्हणजे ख्रिस्ती. कवेलूचं, म्हणजे कौलारू, बुटकं देऊळ. हो, देऊळच म्हणत तिथे, चर्च हा शब्द आम्ही दिल्लीहून नेला. देवळामागे दफनभूमी आणि दफनभूमीत मोहाची झाडं. उपवासकाळ आणि मोहफुलं गळण्याचे दिवस तिथे एकच. पहाटे बायका टोपल्या घेऊन मोह वेचायला जात आणि तशाच हातांनी उपासनेला येत. आई सांगायची, आमच्या देवळात त्या दिवसांत गोडसर, आंबूस वास भरलेला असायचा, प्रार्थनेत डोळे मिटले की जास्तच यायचा. "दिल्लीच्या चर्चमध्ये डोळे मिटले की काय येतं? फिनाईल."

दिल्लीच्या झावळ्यांवरही तिचा राग होता. इथे नर्सरीतून शोभेच्या पामची पानं आणत. आई ती दोन बोटांत धरून बघायची आणि म्हणायची, "हे काय, कुंडीतलं! याला ना काटा ना कणा." शिंदीची पात कशी चिवट असते, वळताना बोटाला कशी कापते, हे ती दरवर्षी सांगायची आणि आम्ही दरवर्षी कंटाळून ऐकायचो. बाबा मात्र ऐकताना कधी हसले नाहीत.

त्याला कारण होतं. मोहतळीच्या दफनभूमीत आईचे आईवडील होतेच, पण सगळ्यात कडेच्या मोहाखाली माझा पाठचा भाऊ होता. आई माहेरी बाळंत झाली आणि बाळ नीट डोळे उघडायच्या आधीच गेलं. योहान नाव ठेवलं होतं. बाबा दिल्लीहून पोचले तेव्हा मातीसुद्धा सुकली होती. त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही जायचो, बाबा एकटेच त्या झाडाखाली जाऊन बसायचे आणि परत आले की त्यांच्या विजारीला वाळकी फुलं चिकटलेली असायची. मला त्या गावाचा अगदी कंटाळा होता. पंखा नाही, कुल्फी नाही. मराठी शाळेत बाई विचारायच्या, कोण कोण गावाला जाणार? सगळ्यांचे हात वर. मी हात खाली ठेवून शेजारणीला सांगायची, "मेरा कोई गाँव-वाँव नहीं है यार, मैं दिल्ली की हूँ."

आणि बाबांची नोकरी कुठली? कोळशाशी संबंध असलेल्या एका सरकारी कचेरीत. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

ज्या वर्षी मोहतळीखाली कोळसा असल्याचं नक्की झालं आणि उघड्या खाणीसाठी गाव उठणार असं ठरलं, त्या वर्षीचा उपवासकाळ मला आजही वासासकट आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होते. सेमल असाच फुललेला. शामुवेलमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गावातली थोडी माणसं घेऊन धरणं धरायला दिल्लीला आला. राहणार कुठे? आईने चर्चच्या मागचा हॉल मागितला.

मंडळीच्या कमिटीत यावरून जी बैठक झाली ती माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे, आमच्या घरच्या बैठकीच्या खोलीतच झाली, म्हणून मी सगळी ऐकली. साळवेकाका आमच्या मंडळीतले सर्वांत वडीलधारे. माणूस प्रेमळ, पण भित्रा. ते म्हणाले, "सुशीलाबाई, आपली मंडळी सगळी सरकारी नोकरीतली. आज हे, उद्या ते. चर्चने राजकारणात पडू नये."

आई म्हणाली, "काका, आपल्या कबरींसाठी धरणं धरायला तुम्ही राजकारण म्हणता?"

"पण कोळसा काय वाईट आहे का? देशाला वीज नको?"

"हवी की. मीही बटण दाबतेच. पण जंगल देवाने राखायला दिलंय की पोखरायला, एवढं तरी विचारू द्या मला. माझं लेकरू आहे तिथे."

हॉलच्या किल्ल्या बाबांकडे असायच्या, कारण ते सेक्रेटरी. साळवेकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. बाबा उठले, खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या आणि आईच्या हातात दिल्या. बाबांना भाषणं कधी जमली नाहीत.

ते दिवस! सकाळी आई डबे भरायची. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. उपवासकाळ म्हणून मटण नाही, अंडंही नाही. पाहुण्यांना दिल्लीची हवा कोरडी लागायची, ओठ फुटायचे, आणि आई त्यांना खोबरेल द्यायची. मामा पहिल्या दिवशी हॉलमध्ये पंखा बघून म्हणाला, "ताई, हा आपलाच कोळसा फिरते ना वो वरतं?" सगळे हसले. आई हसली नाही. त्यानंतर तिला एक सवयच लागली. त्या काळी आमच्याकडे वीज सारखी जायची. परत आली की कॉलनीतली सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "आ गई!" आणि स्वयंपाकघरातून आईचा हळू आवाज यायचा, "आली मोहतळी." मला ते ऐकवायचं नाही. आजही इन्व्हर्टर बंद होऊन दिवे नीट लागले की माझ्या मनात ते दोन शब्द येतात. एसी मी लावतेच. स्वतःला फार शहाणं समजायची सोय त्या दोन शब्दांनी ठेवलेली नाही.

राखेच्या बुधवारी गावची माणसं आमच्याबरोबर सकाळच्या उपासनेला आली. राख चाळायचं काम आईकडे असायचं. त्यासाठी तिने एक जुनी पीठचाळणी वेगळी ठेवली होती. त्या वर्षीची राख तिने इतकी बारीक चाळली होती की पाळकसाहेबांच्या अंगठ्याला ती काजळासारखी लागली. कपाळावर ठळक, काळा क्रूस. उपासना झाल्यावर बाबा ऑफिसला गेले, आणि आई, मामा, गावची माणसं जंतरमंतरला. मी कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर.

तिथे ड्यूटीवर एक हरियाणवी हवालदार होता. त्याने एकेकाचं कपाळ निरखून बघितलं. आमची रीत त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

"क्यों ताऊ, कोयला मल के आए हो?"

मामाचं हिंदी बेताचंच. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हाँ साब. हमराच है."

शेजारच्या तंबूत संपावरचे कुठलेसे शिक्षक बसले होते, त्यांनीही तेच समजून टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. आई मला म्हणाली, "अगं, सांग ना त्यांना, ही राख आहे म्हणून." मी सांगायला उठले आणि परत बसले. सांगून काय करणार? खरं तर आमच्या कपाळावर काय होतं हे ठरवणं त्या सकाळी आम्हालाही सोपं नव्हतं. मग आम्ही गाणं म्हटलं, मराठीत, देवळातल्या चालीवर. फूटपाथवर बसलेली ती माणसं डोळे मिटून गात होती. मला पक्कं वाटलं की डोळ्यांमागे त्यांना मोहाचा वास येतो आहे, आणि मला येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या गावाची ओढ लागली, आणि तीही केव्हा, तर ते जायला निघालं तेव्हा.

संध्याकाळी दिवेलागणीला तनेजा अंकल घरी आले. ते बाबांच्या सेक्शनमधले, मित्रच. बूट न काढताच बोलायला लागले.

"भाभीजी, आप समझाइए इनको. जॉइंट सेक्रेटरी साहब की गाड़ी जंतर-मंतर से निकली थी. उन्होंने देखा सबके माथे पे काला निशान. फिर ऑफिस आए, सामने ये खड़े हैं, वही निशान! साहब ने पूछा, आप भी उनके साथ हैं? बस, इतना बोलना था कि सर, चर्च की राख है, हर साल लगती है. एक मिनट का काम था."

"मग हे काय म्हणाले?" आईने घाबरून मराठीतच विचारलं, पण तनेजा अंकलना कळलं.

"बोले, जी सर. हम भी."

बाबा खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. दरवर्षी ते ऑफिसच्या गेटपाशी रुमालाने कपाळ पुसत. लाजत नसत, पण दहा जणांना दहा वेळा समजावून सांगायचा त्यांना कंटाळा. त्या दिवशी रुमाल घरी राहिला होता की त्यांनी काढलाच नाही, हे मी कधी विचारलं नाही. आईने तनेजा अंकलना चहा दिला, चकल्या दिल्या, दारापर्यंत पोचवलं. मग परत येऊन ती बाबांसमोर उभी राहिली. सवयीने पदराचं टोक हातात घेऊन तिने त्यांच्या कपाळाकडे नेलं, आणि पुसता पुसता हात तसाच मागे घेतला. माझे आईबाबा एकमेकांवर किती प्रेम करत होते ते मला त्या मागे घेतलेल्या हातातून कळलं. बाबांचं प्रमोशन पुढे रखडलं ते रखडलंच. त्याबद्दल घरात कधी हळहळ ऐकली नाही. साळवेकाका मात्र त्यानंतर रोज हॉलवर दूध पोचवू लागले.

झावळ्यांच्या रविवारापर्यंत धरणं चाललं. गावाहून येणाऱ्या कोणीतरी शिंदीच्या पातींची मोळी आणली, ओल्या गोणपाटात गुंडाळून. त्या रविवारी दिल्लीच्या आमच्या चर्चमध्ये मोहतळीच्या झावळ्या हलल्या. आई रांगेत सर्वांत पुढे होती आणि इतक्या मोठ्याने गात होती की मंडळीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मामाने तिच्यासाठी एक क्रूस वळला. वळताना बोट कापलं, पातीवर रक्ताचा ठिपका पडला. "ताई, ठेव. ह्या शिंद्या पुढच्या साली नाई राहत."

नाही राहिल्या. धरणं उठलं, गावही उठलं. दूर एका माळावर सिमेंटचं नवं देऊळ मिळालं. कबरी हलवायच्या असतील तर हलवा, असंही सांगितलं गेलं. मामाने आजीआजोबांना हलवलं. योहानचं काय, म्हणून त्याने शेजारच्यांच्या फोनवर विचारलं. आईने बाबांकडे बघितलं. एवढ्याशा जिवाचं तिथे काय उरलं असणार? बाबा म्हणाले, "झोपू दे त्याला." आईने तेच फोनवर सांगितलं. मग तिथे यंत्रं आली. माझा भाऊ आता कुठे आहे? मोहाच्या मुळांसकट तो उपसला गेला. त्या मातीखालच्या कोळशाचा कुठेतरी धूर झाला, कुठेतरी उजेड झाला. शास्त्राप्रमाणे माती मातीत जायला हवी होती.

आईला मोहतळीच्या मोहाखाली पुरलं जायचं होतं. ती दिल्लीत, बाबांशेजारी आहे, संगमरवराची पाटी आहे, वरून मेट्रोचा पूल जातो. शेवटच्या आजारपणात ती मला विचारायची, "काटेसावर फुलली का गं? म्हणजे मोह गळायला लागला असेल." मी हो म्हणायची. तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तरी ती विचारायची आणि मी हो म्हणायची.

या वर्षी पाळकसाहेबांची सूचना ऐकून घरी आले आणि फोटो उतरवला. क्रूसाची एक बाजू तुटून फोटोमागे पडली होती. रूथ बघत होती. तिने तो तुकडा तळहातावर घेतला. "मम्मा, ये तो पूरा ही झड़ रहा है. लॅमिनेट करवा लें?"

लॅमिनेट! मला हसू आलं आणि रडूही. पण पोरीने विचारलं ते बरं झालं. माझ्यानंतर हा क्रूस कुणाच्या तरी कपाटात प्लास्टिकखाली चपटा पडून राहणार, आणि ही काय वस्तू आहे ते कुणाला कळणार नाही. आईने तो जपला, कारण तिच्यापाशी गाव होतं आणि गावाचा पुरावा हवा होता. माझ्यापाशी गाव कधी नव्हतंच. मला ते अंगाला लागायला हवं होतं.

पुढच्या रविवारी तो मी घेऊन गेले. चर्चच्या मागच्या अंगणात घमेलं मांडलं होतं. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, सांगलीकडचे. त्यांनी पात ओळखली. "ही शिंदीची ना? इथे कुठली?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "नक्की द्यायची?" मी मान हलवली, पण हात लगेच सुटेना. आई असती तर रागावली असती, याची मला खात्री आहे. मग ठेवली. कुंडीतल्या पानांना पेट घ्यायला वेळ लागतो, ती धुमसतात. शिंदी भर्रकन पेटली आणि बघता बघता संपली. चिमूटभर झाली असेल. ती बाकीच्या राखेत मिसळली, आणि मी आईच्या चाळणीने सगळी चाळली.

बुधवारी सकाळी रूथ आणि मी दोघी उपासनेला गेलो. पाळकसाहेबांचा अंगठा कपाळावर टेकला तेव्हा मी डोळे मिटले. मोहाचा वास आला असं लिहायला मला फार आवडलं असतं. फिनाईलचाच आला. पण माझ्या शेजारी मंडळीतला एकेक माणूस पुढे होत होता, साळवेकाकांची नातवंडं, नवीन बदलून आलेली कुटुंबं, आणि मोहतळीचं नावही न ऐकलेल्या त्या सगळ्यांच्या कपाळावर थोडी थोडी मोहतळी लागत होती. मला रडू आवरेना. रूथ गुडगावच्या ऑफिसला निघाली. मी तिला पर्समधला रुमाल देऊ केला. "नको," ती म्हणाली आणि तशीच गेली.

मी कोपर्निकस मार्गावरच्या माझ्या कचेरीला जायला मेट्रो पकडली. समोर बसलेली बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. चांगल्या घरची, चांगल्या मनाची दिसत होती. शेवटी तिने पर्स उघडून ओला टिश्यू काढला आणि पुढे झुकली.

"बहनजी, आपके माथे पे कालिख लग गई है."

राख आहे, चर्चची आहे, दरवर्षी लावतो. एका मिनिटाचं काम होतं.

"रहने दीजिए," मी म्हटलं. "हमारे गाँव की है."

"अच्छा? कहाँ पड़ता है आपका गाँव?"

माझं स्टेशन यायला थोडा वेळ होता. मी सांगू लागले.